एफ-१ वरचे विद्यार्थी आणि अमेरिकेतला देशांतर्गत विमानप्रवास: ओळखपत्र कोणतं लागतं?

साकव (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुलगी ऑगस्टमध्ये एमएससाठी इंडियाना राज्यात गेली आहे, एफ-१ व्हिसावर. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती इंडियानापोलिसहून सिएटलला जाणार आहे, शिकागोला विमान बदलून. पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी असल्याचा दाखला), विद्यापीठाचं ओळखपत्र, आधार आणि भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स एवढं तिच्याकडे आहे. तिथल्या राज्याचं कार्ड अजून काढलेलं नाही.

१. पासपोर्ट बरोबर नेलाच पाहिजे का? तो हरवला तर, ही धास्ती आहे. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालेल का?
२. ‘रिअल आयडी’ नसेल तर आता विमानात बसू देत नाहीत असं तिच्या मैत्रिणी म्हणतात. खरं आहे का?
३. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये तिचं आणि वडिलांचं नाव एकत्र आहे. तिकिटावर फक्त तिचं नाव आणि आडनाव आलंय. अडचण येईल का?
४. पासपोर्टची मुदत पुढच्या सप्टेंबरात संपते. नूतनीकरणाला दिला तर मधल्या काळात प्रवास कसा करायचा?

उंबरठा

क्रमाने लिहितो.

मूळ पासपोर्ट न्यायचाच. आत्ता तिच्याकडे असलेल्या कागदांपैकी टीएसएला, म्हणजे विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीला, चालणारा तो एकमेव आहे. विद्यापीठाचं ओळखपत्र, आधार, भारतातलं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट यांतलं काहीही त्यांच्या यादीत नाही. झेरॉक्स आणि मोबाइलमधला फोटोही चालत नाही. पण फोटो काढून ठेवाच, कारण पासपोर्ट हरवल्यावर त्याचा क्रमांक, दिल्याची तारीख आणि ठिकाण विचारतात, आणि ते कोणालाच पाठ नसतं.

रिअल आयडीबद्दल मैत्रिणींचं अर्धं खरं आहे. कायदा २००५ चा आणि विमानतळांवर अंमल ७ मे २०२५ पासून. पण त्याचा अर्थ एवढाच की राज्याने दिलेलं लायसन्स किंवा ओळखपत्र दाखवणार असाल तर ते रिअल आयडीच्या निकषांत बसणारं हवं. परदेशी सरकारचा पासपोर्ट हा स्वतंत्र, पुरेसा पर्याय आहे. भारतीय पासपोर्ट हातात असताना रिअल आयडी नाही म्हणून कोणी अडवणार नाही.

टीएसएचा माणूस तीनच गोष्टी बघतो: ओळखपत्र खरं आहे का, फोटो तुमचाच आहे का, आणि त्या नावाने आजचं तिकीट आहे का. व्हिसाचं पान, आय-२०, त्यावरची डीएसओची, म्हणजे विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची, सही हा त्याचा विषय नाही. ती ट्रॅव्हल सिग्नेचर देशाबाहेर जाऊन परत येताना लागते, सिएटलला जाताना नाही. पासपोर्टमधला व्हिसा संपलेला असला तरी देशांतर्गत विमानाला फरक पडत नाही. व्हिसा हा देशात शिरण्याचा परवाना आहे, राहण्याचा हक्क आय-९४ (देशात शिरल्याची सरकारी नोंद) आणि चालू आय-२० वर असतो.

रांगेत उभी असतानाच पासपोर्टचं कव्हर काढून ठेवायला सांगा, त्यात खोचलेल्या चिठ्ठ्या, कार्डं सगळं बाहेर. फोटोचं पान यंत्राच्या काचेवर पालथं ठेवतात. चामडी कव्हरमुळे ते सपाट बसत नाही आणि यंत्र वाचत नाही. बऱ्याच ठिकाणी बोर्डिंग पास मागतही नाहीत, कारण पासपोर्ट वाचला की तिकीट त्यांच्या पडद्यावर दिसतं. समोरचा कॅमेरा फोटो काढतो. तो नको असेल तर तसं सांगता येतं, मग ते डोळ्यांनी ताडून बघतात. ओळखपत्राची तपासणी संपल्यावर पासपोर्ट कधीही ट्रेमध्ये टाकू नये. तो जाकिटाच्या खिशात ठेवून तेच जाकीट स्कॅनरवर पाठवलं जातं, आणि पुढे घाईत जाकीट किंवा ट्रे मागे राहतो. ट्रे उचलण्याआधी पासपोर्ट पाठीवरच्या बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, आणि मगच बॅग पट्ट्यावर.

शिकागोला सुरक्षा क्षेत्राच्या आतल्या आत गेट बदललं तर पुन्हा ओळखपत्र दाखवावं लागत नाही. बाहेर पडली तर परत सगळं पहिल्यापासून.

हेमलकसा_ते_ह्यूस्टन

उंबरठा यांनी टीएसएचं नीट सांगितलंय. पण टीएसए काय मागते आणि कायद्याने जवळ काय असायला हवं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेच मुलं गल्लत करतात.

इमिग्रेशन कायद्याप्रमाणे १८ वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा सदैव जवळ बाळगायचा असतो. एफ-१ विद्यार्थ्यासाठी तो पुरावा म्हणजे आय-९४. तरतूद जुनीच आहे, पण एप्रिल २०२५ पासून तिच्यावर पुन्हा जोर दिला जातोय. आय-९४ सीबीपीच्या, म्हणजे सीमेवर प्रवेश तपासणाऱ्या खात्याच्या, संकेतस्थळावरून फुकट मिळतो. छापून घडी करून पाकिटात ठेवायचा, दुसरी प्रत बॅगेत. त्यावर ‘क्लास ऑफ अ‍ॅडमिशन’पुढे एफ-१ आणि मुदतीच्या जागी डी/एस (म्हणजे विद्यार्थी-दर्जा असेपर्यंत) आहे ना, हे छापतानाच बघावं. चूक असेल तर आधी डीएसओला दाखवून मग सीबीपीच्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयातून दुरुस्त करून घ्यावी लागते. ही चूक विमानतळावर कोणी पकडत नाही. ती महिन्या-दोन महिन्यांनी राज्याचं कार्ड काढताना किंवा सोशल सिक्युरिटीच्या खिडकीवर आडवी येते.

प्रवासात पासपोर्ट, आय-९४ ची प्रत आणि आय-२० एवढं एका पातळ प्लास्टिक फोल्डरमध्ये असू द्या. बहुतेक विमानतळांवर आय-२० कोणी मागत नाही. मात्र टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मॅकअ‍ॅलन किंवा ब्राउन्सव्हिलसारख्या ठिकाणी, टीएसएच्या शेजारी बॉर्डर पेट्रोलची माणसं उभी असतात आणि इमिग्रेशन स्टेटस विचारतात. सीमेपासून १०० मैलांच्या पट्ट्यात बस आणि रेल्वेतही विचारणा होऊ शकते. स्वस्त पडते म्हणून विमानाऐवजी बस पकडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पैठणची_प्राची

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, कारण हा खास आपल्याकडचा गुंता आहे.

महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं, किंवा लग्नानंतर नवऱ्याचं, नाव एका रेषेत असतं. उदाहरणार्थ गिव्हन नेम ‘सायली विनायक’, सरनेम ‘पाटील’. अमेरिकन विमान कंपन्यांच्या फॉर्मवर फर्स्ट, मिडल, लास्ट असे तीन रकाने. फर्स्टमध्ये ‘सायली विनायक’ लिहिलं तरी चालतं, फर्स्टमध्ये ‘सायली’ आणि मिडलमध्ये ‘विनायक’ लिहिलं तरी चालतं. छापील पासवर दोन्ही शब्द चिकटून ‘सायलीविनायक’ असे आले तर घाबरू नका, कंपनीच्या प्रणालीत मधली जागा गळते, एवढंच. मिडल नेम अजिबात आलं नाही तरी देशांतर्गत प्रवासात सहसा प्रश्न येत नाही. म्हणजे तुमच्या मुलीचं तिकीट ठीक आहे. फक्त जन्मतारीख आणि लिंग बुकिंगमध्ये पासपोर्टप्रमाणेच आहे का ते एकदा बघा, कारण नावाबरोबर या दोन गोष्टीही टीएसएकडे आधी जातात.

खरोखर अडतं ते असं:

– फर्स्ट आणि लास्टची अदलाबदल. आपल्याकडे शाळेपासून ‘पाटील सायली विनायक’ असं आडनाव आधी लिहायची सवय, तोच क्रम फॉर्मवर उतरतो आणि विनायक हे आडनाव होऊन बसतं.
– घरचं नाव. पासपोर्टवर सुवर्णा आणि मित्राने तिकीट काढलं सोनूच्या नावाने.
– स्पेलिंग. ‘पाटील’ एका आयने की दोन ईंनी, ‘दीक्षित’मध्ये आय एक की डबल ई, ‘क्षीरसागर’ तर विचारूच नका. पासपोर्ट समोर उघडून अक्षर अक्षर टाइप करायचं, आठवणीतून नाही.
– पासपोर्टवर सरनेमचा रकानाच रिकामा. अशांच्या अमेरिकन व्हिसावर संपूर्ण नाव सरनेममध्ये जातं आणि गिव्हन नेमच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापलं जातं. तिकिटाला मात्र दोन्ही रकाने भरावेच लागतात. कोणी एफएनयू लिहायला सांगतं, कोणी तेच नाव दोनदा. अशा वेळी बुकिंगआधी विमान कंपनीला फोन करणं हाच सरळ मार्ग, आणि एकदा जी पद्धत ठरली ती पुढे सगळीकडे तशीच ठेवायची.

चूक लक्षात आली की लगेच हालचाल करावी. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे उड्डाणाला किमान ७ दिवस असताना थेट विमान कंपनीकडून काढलेलं तिकीट २४ तासांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतं. (काही कंपन्या त्याऐवजी पैसे न भरता २४ तास भाडं धरून ठेवायची सोय देतात, तोही नियमात बसणारा पर्याय आहे.) एजंटच्या संकेतस्थळांना हे बंधन नाही. २४ तास उलटले असतील तर एक-दोन अक्षरांची चूक फोनवर बहुधा दुरुस्त करून मिळते. संपूर्ण नाव बदलणं म्हणजे नवं तिकीट.

मधुमालती_२३

थोडं वेगळं विचारते. मी ओपीटीवर (एफ-१ वरच्या विद्यार्थ्यांना मिळणारी कामाची परवानगी) आहे, पासपोर्टमधला व्हिसा जूनमध्ये संपला. ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचं सरकारी कार्ड, आहे. डिसेंबरात प्वेर्तो रिकोला जायचा बेत आहे. पासपोर्ट घरी ठेवून नुसतं ईएडी नेलं तर?

हेमलकसा_ते_ह्यूस्टन

टीएसएच्या यादीत ईएडी, म्हणजे आय-७६६, आहे. तेवढ्यावर विमानात बसता येतं. तरी प्वेर्तो रिकोला पासपोर्ट, आय-९४ आणि आय-२० नेच. तो अमेरिकेचाच भाग आहे, संपलेल्या व्हिसाने जाऊन परत येता येतं, पण बेटावरून मुख्य भूमीवर येताना कागद विचारले गेले तर नुसत्या कार्डापेक्षा पूर्ण संच जवळ असलेला बरा. परतीच्या वेळी सामान आधी कृषी खात्याच्या तपासणीतून जातं, बॅगेत ताजी फळं नकोत. हवाईहून परत येतानाही तसंच.

बाकी बेटांचं थोडक्यात. यूएस व्हर्जिन आयलंड्सहून निघताना विमानतळावरच सीबीपी कागद तपासते, तिथे पासपोर्ट आणि आय-२० हवेतच. ग्वामलाही इमिग्रेशनची तपासणी असते. अमेरिकन समोआचे प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, व्हिसा संपलेला असताना तिकडे जाऊ नये.

अलास्काचा सापळा वेगळा. सिएटल ते अँकरेज थेट विमान कॅनडावरून उडतं, तरी ते देशांतर्गतच. पण स्वस्त तिकिटांच्या शोधात कधी कधी व्हँकुव्हर किंवा टोरोंटोला थांबा असलेलं तिकीट वर येतं. दोन्ही टोकं अमेरिकेत असली तरी तो आंतरराष्ट्रीय प्रवास झाला. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि परतीला अमेरिकेचं इमिग्रेशन लागतं. व्हिसा संपलेला असेल तर हे तिकीट काढूच नकोस. पैसे भरण्याआधी थांब्याच्या विमानतळाचं नाव वाच.

उंबरठा

साकव, तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर राज्याच्या कार्डात आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

गाडी चालवता येत नसली तरी राज्याचं ओळखपत्र काढता येतं. ‘स्टेट आयडी’ म्हणतात, परीक्षा नाही, चाचणी नाही, आणि ते रिअल आयडी प्रकारातलं मिळतं. इंडियानात त्या कार्यालयाला बीएमव्ही म्हणतात, इतर बऱ्याच राज्यांत डीएमव्ही.

न्यायचे कागद असे: पासपोर्ट (व्हिसाच्या पानासह), आय-२०, आय-९४ ची छापील प्रत, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा, आणि पत्त्याचे दोन पुरावे. कॅम्पसवर नोकरी नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही. मग काही राज्यं सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयातून ‘तुम्ही पात्र नाही’ असं पत्र आणायला सांगतात. ते काउंटरवर मिळतं, पण त्यासाठी वेगळी फेरी होते, म्हणून आपल्या राज्याची कागदांची यादी आधी बघून जावं. पत्त्यासाठी घराचा करार, बँकेचं स्टेटमेंट, विजेचं बिल, विद्यापीठाचं पत्र यांपैकी दोन. चार मुलींनी मिळून घर घेतलं की करारावर एकीचंच नाव असतं आणि बाकीच्या तिघी काउंटरवरून परत येतात. करारात सगळ्यांची नावं घालून घ्या, किंवा बँकेचा पत्ता पहिल्याच आठवड्यात बदला.

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते घाईमुळे. अमेरिकेत उतरल्यापासून किमान १० दिवस, आणि डीएसओने सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) नोंद सक्रिय केल्यापासून किमान २ दिवस थांबून मगच जायचं, असा सरकारी सल्लाच आहे. कारण काउंटरवरचा कर्मचारी ‘सेव्ह’ नावाच्या केंद्रीय प्रणालीतून स्टेटस पडताळतो. ती प्रणाली सेव्हिस आणि आय-९४ च्या नोंदी शोधते. नोंद पोचलेली नसेल, किंवा पासपोर्टवर ‘सायली विनायक’ आणि आय-९४ वर नुसतं ‘सायली’ असेल, तर उत्तर लगेच येत नाही आणि प्रकरण हाताने तपासायला जातं. त्यात दिवस जातात, कधी आठवडे. तसं झालं तर काउंटरवरून सेव्हचा केस क्रमांक मागून घ्यावा, त्यावरून ऑनलाइन प्रगती बघता येते. पुन्हा पुन्हा रांगेत जाऊन उभं राहण्याची गरज उरत नाही.

कार्ड आल्यावर वरच्या कोपऱ्यात तारा आहे ना ते बघा. कॅलिफोर्नियात अस्वलाच्या चित्रात तारा असतो. ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ किंवा ‘नॉट फॉर फेडरल आयडेंटिफिकेशन’ असं छापलं असेल तर ते रिअल आयडी नाही. विद्यार्थ्यांच्या कार्डावर ‘लिमिटेड टर्म’ किंवा ‘टेम्पररी’ असं असतं, त्याने बिघडत नाही, विमानाला चालतं. त्याची मुदत मात्र आय-२० च्या तारखेला बांधलेली किंवा एकेका वर्षाची असते, राज्यानुसार.

आणि काउंटरवर त्या दिवशी हातात मिळतो तो कागदी तात्पुरता परवाना. तो टीएसएला चालत नाही. प्लास्टिकचं कार्ड टपालाने येतं तोवर पासपोर्टच.

साकव

फार उपयोगी. म्हणजे आधी कार्ड, मग पासपोर्ट नूतनीकरण, असंच ना? आणि समजा दोन्ही हातात नसताना तातडीने उडायची वेळ आली तर काहीच मार्ग नाही का?

पैठणची_प्राची

हो, हाच क्रम. भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतं, त्यामुळे आत्ताही तिची वेळ आहेच. अमेरिकेतून अर्ज व्हीएफएस या कंपनीमार्फत जातो आणि मूळ पासपोर्ट पाठवावा लागतो. तेवढे आठवडे तो हातात नसतो. शेंगेन किंवा इतर व्हिसासाठी पासपोर्ट वकिलातीत दिला तरी तीच स्थिती. म्हणून प्लास्टिकचं कार्ड हातात आल्याशिवाय पासपोर्ट पोस्टात टाकू नये. थँक्सगिव्हिंगच्या आधी दोन्ही उरकायचा प्रयत्न करू नका, सिएटलहून परत आली की सेमिस्टर संपल्यावर पाठवू द्या. पाठवण्याआधी सगळी पानं स्कॅन करायची आणि आय-९४ छापून ठेवायचा. नवा पासपोर्ट आल्यानंतर आय-९४ शोधताना नव्या क्रमांकावर सापडत नाही, देशात शिरताना जो पासपोर्ट होता त्याचा क्रमांक टाकावा लागतो. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत येतो, त्यातला व्हिसा चालू असतो. तो जपून ठेवायचा, भारतातून परतताना दोन्ही एकत्र लागतात.

उंबरठा

दोन्ही नसताना: १ फेब्रुवारी २०२६ पासून टीएसएची ‘कन्फर्म आयडी’ सोय आहे. ४५ डॉलर ऑनलाइन भरायचे, पावती दाखवायची, मग ते नाव-पत्ता-जुन्या नोंदींवरून ओळख पटवायचा प्रयत्न करतात. एकदा भरलेलं शुल्क १० दिवसांच्या प्रवासाला पुरतं. पण ओळख पटेलच याची हमी नाही, आणि नाही पटली तर पैसे गेले, विमानही गेलं. तीन महिन्यांपूर्वी देशात आलेल्या मुलीच्या नोंदी अमेरिकेत असून असून किती असणार? तिने यावर भिस्त ठेवू नये.

पासपोर्ट प्रवासातच हरवला तर आधी ज्या विमानतळावर होती तिथल्या टीएसएच्या आणि विमान कंपनीच्या हरवले-सापडले विभागात विचारायचं, बऱ्याचदा ट्रेमध्येच सापडतो. नाही सापडला तर पोलिसांत तक्रार, मग त्या भागाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे नव्या पासपोर्टचा अर्ज. हरवल्याची नोंद झाल्यावर जुना सापडला तरी वापरायचा नाही, तो रद्द झालेला असतो. आय-९४ पुन्हा छापता येतो, आय-२० डीएसओ नवा देतो. व्हिसा मात्र अमेरिकेत पुन्हा मिळत नाही, पुढच्या वेळी बाहेर गेल्यावर नव्याने घ्यावा लागतो.

म्हणून कार्ड आल्यावर पासपोर्ट आणि कार्ड एकाच पाकिटात ठेवू देऊ नका. एक अंगावर, एक बॅगेत. आत्ताच्या सिएटलच्या फेरीत तिच्याकडे एकच आहे, तर विमानतळावर दोन तास आधी पोचू द्या आणि निघायच्या आदल्या रात्री फोनवर विचारा, पासपोर्ट बॅगेच्या कोणत्या कप्प्यात आहे ते.